१४०० अंशांवर विटेचा स्ट्रेन कॅमेऱ्याने मोजायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पोलाद कारखान्यातल्या लॅडलच्या (वितळलेलं पोलाद ठेवायच्या मोठ्या बादलीच्या) अस्तराची हाय-अल्युमिना वीट, तिच्यातून कापलेले २५ × २५ × १५० मिलिमीटरचे बार, फोर-पॉइंट बेंडिंग (दोन रोलरांवर टेकवून दुसऱ्या दोन रोलरांनी वाकवणं), तापमान १४०० अंश सेल्सिअस, भट्टीत साधी हवा. दाराला क्वार्ट्झची खिडकी आहे, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. लांबीतला बदल मोजणाऱ्या एक्स्टेन्सोमीटरच्या अल्युमिना कांड्या घसरतात, म्हणून तुम्ही डिजिटल इमेज कोरिलेशन, म्हणजे डीआयसी, करून पाहिलं. यात पृष्ठभागावर मारलेले बारीक ठिपके, म्हणजे स्पेकल, एका फोटोतून दुसऱ्या फोटोत किती सरकले ते सॉफ्टवेअर मोजतं. पण स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेला बदल, इतका उड्या मारतो की त्यातून मॉड्युलस, म्हणजे विटेचा ताठपणा, काढता येत नाही. स्पेकल चुकले, कॅमेरा कमी पडतोय की सॉफ्टवेअर बदलावं, असं तुम्ही विचारलं आहे.

स्पेकलमध्ये सुधारणा करता येईल. कॅमेरा पुरेसा आहे. सॉफ्टवेअरला हात लावू नका. खरी अडचण अशी की या पद्धतीने जे मोजणं सगळ्यात अवघड, तेच तुम्ही पहिल्यांदा मोजायला घेतलं आहे. कसं ते आकड्यांत बघू.

तुमच्या सेन्सरची रुंदी २४४८ पिक्सेल. त्यात बारचा ३० मिलिमीटर भाग बसवला, तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे सव्वाबारा मायक्रॉन. विटेची बेंडिंग स्ट्रेंग्थ ५ मेगापास्कल आणि मॉड्युलस २० गिगापास्कल धरू. तुमच्या विटेचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण घर हेच. म्हणजे बार मोडताना त्याच्या खालच्या पृष्ठभागावर स्ट्रेन असतो २५० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे दहा लाखांत २५० भाग. ३० मिलिमीटरवर ही वाढ होते साडेसात मायक्रॉन, म्हणजे ०.६ पिक्सेल. शून्य लोडपासून मोडेपर्यंत चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जे काही घडणार आहे, ते एवढंच. मॉड्युलस काढायला आलेखाचा सुरुवातीचा सरळ तुकडा घ्यायचा, म्हणजे ०.२ पिक्सेल हाती उरला. त्यात दहा टक्के अचूकता हवी असेल तर ०.०२ पिक्सेल ओळखता आला पाहिजे. गार खोलीत, चांगल्या प्रकाशात, नीट फवारलेल्या स्पेकलवर डीआयसीचा नॉइज साधारण ०.०१ ते ०.०२ पिक्सेल असतो. तापलेल्या भट्टीच्या खिडकीतून तो ०.१ पिक्सेलवर जायला वेळ लागत नाही.

आता त्याच बारचा क्रीप, म्हणजे तापलेला असताना कायम लोडखाली हळूहळू होत जाणारा आकारबदल, बघा. अर्धा टक्का क्रीप म्हणजे ५००० मायक्रोस्ट्रेन, तेवढ्याच लांबीत १२ पिक्सेल. नॉइज तोच राहिला तरी उत्तर स्वच्छ येतं. म्हणून माझा सल्ला असा की मॉड्युलससाठी इम्पल्स एक्सायटेशन वापरा. बारला हलकी टिचकी मारायची, त्याची नैसर्गिक कंपनसंख्या ऐकायची आणि मॉड्युलस काढायचा. ही पद्धत भट्टीतही चालते. तो मॉड्युलस अतिसूक्ष्म स्ट्रेनचा असल्याने बेंडिंगमधल्यापेक्षा सहसा जास्त भरतो, एवढं लक्षात ठेवायचं. कॅमेरा ठेवा क्रीपसाठी, ताणातल्या आणि दाबातल्या वागण्यातला फरक पाहण्यासाठी आणि भेग कुठे सुरू होते, कशी पुढे जाते हे पाहण्यासाठी. या तीन गोष्टी एलव्हीडीटीचा (एका बिंदूचं सरकणं मोजणाऱ्या सेन्सरचा) एकुलता एक आकडा तुम्हाला कधीच सांगणार नाही.

तरीही मोजणी सुधारायची आहेच, म्हणून एकेक अडथळा घेऊ.

पहिला प्रकाशाचा. तापलेली वस्तू स्वतःच उजळते हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यामुळे चित्र जळून जातं, म्हणून लोक एक्स्पोजर कमी करतात. चित्र जळणं थांबतं, पण स्पेकल तरीही दिसत नाहीत. याचं कारण एक्स्पोजरमध्ये नाही. भट्टी ही जवळजवळ बंद, सगळीकडून सारख्या तापमानाची पोकळी आहे. अशा पोकळीत काळा ठिपका जास्त प्रकाश बाहेर टाकतो आणि कमी परावर्तित करतो, पांढरी पार्श्वभूमी कमी टाकते आणि जास्त परावर्तित करते. दोन्हींची बेरीज सारखीच येते. किरचॉफचा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो, तो इथे डोळ्यांसमोर उभा असतो. भट्टीच्या स्वतःच्या उजेडात काळं-पांढरं हा भेदच पुसला जातो. कॉन्ट्रास्ट हवा असेल तर बाहेरून, भट्टीच्या उजेडावर मात करणारा प्रकाश टाकायला हवा, आणि कॅमेऱ्याने फक्त तोच पाहायला हवा.

म्हणून निळा प्रकाश. प्लांकच्या सूत्रात आकडे घातले की १२०० अंशांवर ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात भट्टी ४५० नॅनोमीटरच्या निळ्यापेक्षा सुमारे सव्वाशे पट तेजस्वी निघते. ४५० नॅनोमीटरचा एलईडी लावा आणि लेन्ससमोर त्याच तरंगलांबीचा अरुंद बँडपास फिल्टर. मग भट्टीचा बहुतेक उजेड गाळला जातो. साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९८० च्या दशकात डीआयसी आकाराला आली. त्याच परंपरेतल्या लायन्स, लिऊ आणि सटन यांनी १९९६ मध्ये ती ६५० अंशांपर्यंत नेली. निळा प्रकाश आणि फिल्टर ही जोडी ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वापरून दाखवली, आणि २०११ मध्ये पान बिंग यांच्या गटाने तशाच मांडणीने १२०० अंश गाठले. तुमचं काम त्याच्याही वर आहे, त्यामुळे एक गोष्ट ध्यानात असू द्या. १२०० वरून १५०० वर जाताना ४५० नॅनोमीटरवरचा भट्टीचा स्वतःचा उजेड जवळपास ४० पट वाढतो. १२०० ला छान चाललेली मांडणी १४०० ला फिकी पडली तर नवल नाही. उपाय दोन. एलईडी अधिक जोरकस घ्या आणि कॅमेऱ्याच्या शटरशी जुळवून त्याचे झटके द्या, म्हणजे छोट्या एक्स्पोजरमध्ये सगळा प्रकाश वापरला जाईल. किंवा आणखी खाली, अतिनील पट्ट्यात उतरा. बर्क आणि लॅम्ब्रॉस यांनी २०१४ मध्ये तेच केलं. पण अतिनीलसाठी लेन्स आणि सेन्सर दोन्ही वेगळे लागतात आणि खर्च वाढतो. तुमच्या तापमानाला निळा पुरेल.

कॅमेरा एकरंगी असू द्या. रंगीत सेन्सरवर निळा प्रकाश फक्त एक चतुर्थांश पिक्सेलना नीट दिसतो, उरलेले सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात, आणि त्या अंदाजावर सब-पिक्सेल हिशेब करण्यात अर्थ नाही. भट्टीचे हीटर बारच्या मागे थेट दिसत असतील तर मधे अल्युमिनाची पातळ पाटी उभी करा. पॉवर कंट्रोलर करंट कमीजास्त करतो तसे ते उजळतात-मंदावतात, आणि चित्राची एक बाजू धडधडत राहते. एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. निळा दिसायला सौम्य वाटतो, पण डोळ्याच्या पडद्याला तोच जास्त घातक.

आता स्पेकल. तुम्ही काळ्यासाठी कोबाल्ट ऑक्साइड वापरल्याचं लिहिलं आहे. गार असताना ते सुंदर काळं असतं. पण अल्युमिनाशी १००० अंशांच्या वर त्याची प्रक्रिया होऊन कोबाल्ट अल्युमिनेट बनतं. चिनी मातीच्या भांड्यांवरचा गडद निळा रंग तो हाच. हे संयुग लाल-पिवळा प्रकाश शोषतो आणि निळा परत पाठवतो. म्हणजे तुमच्या निळ्या एलईडीखाली ते काळे ठिपके फिकट होत जातात, आणि कोरिलेशन ऐन चाचणीत तुटायला लागतं. तुमच्या तक्रारीतला काही भाग इथेच असणार. मॅग्नेशियाच्या विटेवर वेगळीच तऱ्हा होते. तिथे कोबाल्ट किंवा लोहाचं ऑक्साइड मॅग्नेशियात विरघळून जातं आणि ठिपक्याच्या कडा पसरतात. ग्रॅफाइटचा तर हवेत विचारच नको, ते निम्म्या वाटेतच जळून जातं.

अल्युमिनाच्या विटेवर हवेत मी सिलिकॉन कार्बाइडच्या बारीक भुकटीला पहिली पसंती देतो. तिच्यावर सिलिकाचं पातळ आवरण चढतं आणि काही तास तरी ती काळी राहते. पण विटेत अल्कली किंवा चुना जास्त असेल तर तेच आवरण काचेसारखं वितळून बुडबुडे काढतं. म्हणून कुठलाही नियम डोळे झाकून मानू नका. विटेचा बोटभर तुकडा घ्या, त्यावर तीन-चार प्रकारचे ठिपके मारा आणि चाचणीचा पूर्ण कार्यक्रम, चढण, सोक (तापमान स्थिर ठेवण्याचा काळ) आणि उतरण यांसकट, त्याला भोगायला लावा. मग निळ्या प्रकाशात फोटो काढा. ही एक दिवसाची मेहनत महिन्याभराचे बार वाचवते.

भुकटी कशात कालवता यावरही बरंच अवलंबून आहे. बाजारातल्या बऱ्याच ‘हाय-टेम्परेचर’ रंगांत सोडियम सिलिकेट असतं. १४०० अंशांवर सोडियम म्हणजे फ्लक्स, वितळबिंदू खाली आणणारा पदार्थ. ज्या पृष्ठभागाचं वागणं मोजायचं त्यालाच तुम्ही मऊ करत आहात. इथेनॉलमध्ये भुकटी कालवून पातळ फवारा मारला तरी बहुतेकदा ती चिकटून राहते. फारच झडत असेल तर ॲल्युमिनियम फॉस्फेटचं बाइंडर वापरा. ठिपका तीन ते पाच पिक्सेलचा हवा, म्हणजे तुमच्या मांडणीत ४० ते ६० मायक्रॉन. काही जण विटेच्या नैसर्गिक पोतावरच भागवतात. कापलेल्या विटेवर दाणे दिसतात हे खरं, पण ते मिलिमीटरच्या घरातले असतात. दोन मोठ्या दाण्यांमधल्या सपाट पांढऱ्या जागेत सॉफ्टवेअरला पकडायला काहीच मिळत नाही. आणि ठिपके कुठलेही असोत, ते बारच्या बाजूच्या पृष्ठभागावर असू द्या. ताणाच्या खालच्या बाजूला लेझरने खुणा कोरणारे मी पाहिले आहेत. सिरॅमिकमध्ये ती खूणच पहिली भेग ठरते.

आता खरा शत्रू, झळा. एप्रिलमध्ये नागपूरकडच्या डांबरी रस्त्यावर समोरचा ट्रक लाटांवर तरंगल्यासारखा दिसतो, तोच प्रकार तुमच्या खिडकीत चालू असतो. हवेचा अपवर्तनांक एकापेक्षा फक्त ०.०००२७ ने जास्त असतो, आणि तापमान वाढलं की हवा विरळ होऊन तो जादा भाग त्याच प्रमाणात घटतो. १४०० अंशांवर तो सहाव्या भागाच्या आसपास येतो. फरक नगण्य वाटतो, पण गरम आणि गार हवेची सीमा हलती असल्याने प्रकाशकिरण सतत थोडा थोडा वाकत राहतो, आणि आपल्याला तर पिक्सेलच्या शंभराव्या भागांशी मतलब आहे.

झळांची खोड अशी की त्या चित्रभर एकमेकांशी बांधलेल्या असतात. सेन्सरचा नॉइज प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र असतो, त्यामुळे मोठा सबसेट, म्हणजे एकत्र जुळवायचा पिक्सेलांचा चौकोन, घेतला की तो सरासरीत विरतो. झळेची लाट पाच-दहा मिलिमीटर रुंद असते, तिच्यासोबत अख्खा प्रदेश सरकतो. सबसेट २१ चा ४१ केला, फिल्टर लावला, तरी खोटा स्ट्रेन जागेवरच राहतो. उलट नकाशा गुळगुळीत दिसायला लागतो आणि आपली फसगत होते. स्ट्रेनचा सुंदर, मऊ रंगांचा नकाशा दिसला की मला आधी संशय येतो.

झळांवर इलाज सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका, भट्टीपाशी शोधा. भट्टीच्या आत, सगळं सारखं तापलेलं असताना, हवा तुलनेने शांत असते. खरी गडबड गरम आणि गार हवा भिडते तिथे, म्हणजे खिडकीच्या तोंडाशी आणि तिच्या बाहेर. खिडकी हवाबंद बसवा, फट असली तर तिच्यातून गरम धार वर चढते. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला छोट्या ब्लोअरने किंवा एअर नाइफने काचेला समांतर स्थिर झोत सोडा, म्हणजे तिथली हवा घुसळून एकसारखी होईल. झोत थेट बारवर जाऊ देऊ नका. आणि प्रत्येक अवस्थेत एक फोटो काढून थांबू नका, तीस-चाळीस काढून त्यांची सरासरी घ्या. ते फोटो एका सेकंदात झपाझप काढले तर त्या सगळ्यांत एकच झळ असते. अर्ध्या मिनिटावर पसरून काढा. क्रीपमध्ये ही चैन परवडते. वेगाने तुटणाऱ्या बारमध्ये परवडत नाही, आणि जलद फ्रॅक्चरला क्रीपइतकी अचूकता मिळत नाही त्याचं हे साधं कारण आहे.

यानंतरचा मुद्दा नवशिक्यांच्या नजरेतून हमखास सुटतो, म्हणून जरा रेंगाळतो. एकाच कॅमेऱ्याने मोजताना वस्तू कॅमेऱ्याकडे सरकली की ती मोठी दिसते, आणि सॉफ्टवेअर त्याला स्ट्रेन समजतं. खोटा स्ट्रेन म्हणजे सरकण्याचं अंतर भागिले कॅमेऱ्याचं अंतर. बार अर्ध्या मीटरवर असेल आणि ०.१ मिलिमीटर पुढे आला, तर २०० मायक्रोस्ट्रेन फुकटात मिळाले. तुमचा बार मोडतो २५० ला. आणि ०.१ मिलिमीटर पुढे येणं फार सोपं आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या बारची पुढची बाजू हजार अंशांपर्यंत तापताना केवळ स्वतःच्या प्रसरणाने तेवढी पुढे येते. रोलर बसतात, अल्युमिनाचे लोड-रॉड किंचित कलतात, ते वेगळंच.

म्हणून मेकॅनिकल चाचणीचा संदर्भ-फोटो कधीही गार असताना काढू नका. १४०० ला पोहोचा, पूर्ण सोक होऊ द्या, बारीकसा प्रीलोड द्या आणि मग संदर्भ घ्या. तापताना ठिपक्यांचा रंग आणि प्रकाश बदलतो, त्या कटकटीतूनही अशाने सुटका होते. गार संदर्भ वेगळा ठेवायचा तो प्रसरण मोजण्यासाठी. कॅमेरा जमेल तेवढा लांब न्या आणि लांब फोकल लेन्थची मॅक्रो लेन्स लावा. टेलीसेंट्रिक लेन्स (वस्तू जवळ-लांब झाली तरी तिचा आकार तोच दाखवणारी) मिळाली तर हा प्रश्न बराचसा संपतो. दोन कॅमेऱ्यांची स्टिरिओ मांडणी अर्थातच आहे, पण ४० मिलिमीटरच्या एकाच खिडकीतून दोन कॅमेऱ्यांना पुरेसा कोन मिळत नाही, आणि दोघांच्या वाटेतल्या झळाही वेगवेगळ्या. तुमच्या भट्टीला मी एकच कॅमेरा ठेवीन.

आता इथे गणिताची मदत घेता येते, आणि बेंडिंगच्या चाचणीत ती फार कामाची आहे. प्रत्येक बिंदूला स्ट्रेन काढून मग त्याचा आलेख करण्यापेक्षा विस्थापनालाच थेट मॉडेल बसवा. आतल्या दोन रोलरांमधल्या भागात बेंडिंग शुद्ध असतं. आडवं विस्थापन हे बारच्या लांबीवरचं अंतर, न्यूट्रल अक्षापासूनची (जिथे ना ताण ना दाब त्या रेषेपासूनची) उंची आणि कर्व्हेचर, म्हणजे बाक, यांचा गुणाकार असतं, तर उभं विस्थापन लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतं. हजारो बिंदू आणि अज्ञातं फक्त चार-पाच: कर्व्हेचर, अक्षाची जागा, बारचं सरळ सरकणं-फिरणं. झटक्यात नॉइज खाली येतो.

याच मॉडेलमध्ये कॅमेऱ्याकडे सरकल्यामुळे होणारी एकसारखी फुगवट हे आणखी एक अज्ञात घाला. ती आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना समान चिन्हाची असते. न्यूट्रल अक्ष सरकल्याने येणारा एकसारखा आडवा स्ट्रेन मात्र उभ्या दिशेत पॉयसनच्या गुणोत्तराने (एका दिशेला ताणल्यावर काटकोनातल्या दिशेत किती आक्रसतं त्या प्रमाणात) उलट चिन्हाचा निघतो. त्यामुळे दोन्ही वेगळे करता येतात. बार पुढे-मागे कलला तर काय होतं हेही तपासा. वरची कड कॅमेऱ्याकडे झुकली की आडवं विस्थापन अगदी बेंडिंगसारखं दिसतं. फरक उभ्या विस्थापनात आहे. बेंडिंगमध्ये ते लांबीच्या वर्गाने बदलतं, कलण्यात उंचीच्या वर्गाने. फक्त आडवा स्ट्रेन घेऊन बसणाऱ्याला हे कळायची सोय नाही.

न्यूट्रल अक्षाच्या जागेवर मी एवढा भर का देतोय? कारण रिफ्रॅक्टरी, म्हणजे उच्च तापमान सोसणारी अशी वीट, ताणात आणि दाबात सारखी वागत नाही. आतल्या सूक्ष्म भेगा ताणात उघडतात, दाबात मिटतात. उच्च तापमानाला दाण्यांमधला काचेसारखा टप्पा मऊ पडला की ताणातला क्रीप दाबातल्यापेक्षा कित्येक पट वेगाने होतो. मग न्यूट्रल अक्ष दाबाच्या बाजूला सरकतो. मधल्या बिंदूचं झुकणं मोजून पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने काढलेला स्ट्रेन आणि स्ट्रेस दोन्ही तेव्हा चुकीचे असतात, कारण ते सूत्र अक्ष मधोमध आहे असं धरूनच लिहिलेलं आहे. लिमोज आणि पुआतिए इथल्या संशोधकांनी ॲल्युमिनियम टायटनेटवर फोर-पॉइंट बेंडिंग करून २०१२ च्या सुमारास हे डीआयसीने दाखवलं. त्या पदार्थात स्फटिकाच्या दिशांनुसार प्रसरण फार वेगवेगळं असल्याने सूक्ष्म भेगांचं जाळं असतं, आणि तो सिरॅमिकच्या मानाने चांगलाच वाकतो. तुमच्या विटेत परिणाम लहान असेल, पण क्रीपमध्ये तो दिसेलच. तुमच्या प्रबंधात खरं नवीन काही सापडणार असेल तर ते इथे.

प्रत्यक्ष लोड देण्याआधी तीन चाचण्या करा. या केल्याशिवाय कुणी स्ट्रेनचा आलेख दाखवला तर मी तो पुढे बघत नाही.

एक, शून्य चाचणी. १४०० ला, फक्त प्रीलोडवर, अर्धा तास फोटो घेत राहा आणि तुमच्या नेहमीच्याच सेटिंगने स्ट्रेन काढा. बारला काहीच झालेलं नाही, तेव्हा जे दिसतं तो सगळा नॉइज. त्याचं प्रमाण विचलन लिहून ठेवा आणि तो वेळेनुसार एका दिशेने वाहतोय का तेही बघा. वाहत असेल तर ट्रायपॉड, खिडकीची चौकट नाहीतर कॅमेराच तापतोय. कॅमेरा चालू केल्यावर तासभर तरी स्थिर होऊ द्यायला हवा. दुसरी, लोड न देता बार अर्धा मिलिमीटर वरखाली सरकवा. स्ट्रेन शून्यच यायला हवा. आला नाही तर लेन्सचं किंवा काचेचं डिस्टॉर्शन आहे. तिसरी माझी आवडती. विटेऐवजी घट्ट, शुद्ध अल्युमिनाचा बार ठेवा आणि खोलीच्या तापमानापासून १००० अंशांपर्यंत त्याचं प्रसरण मोजा. ते सुमारे ०.८ टक्के यायला हवं. प्रकाश, झळा, ठिपके, कॅमेऱ्याकडे सरकणं, तापमानाची नोंद, सगळ्यांची परीक्षा यात एकदम होते. क्वार्ट्झचे दाणे असलेली सिलिकामय वीट हाताशी असेल तर ५७३ अंशांजवळ क्वार्ट्झच्या रूपांतराचा गुडघा आलेखात कुठे दिसतो ते पाहा. तो ५५० किंवा ६०० ला दिसला तर दोष कॅमेऱ्याचा नाही, थर्मोकपलच्या जागेचा आहे.

तापमानाचं म्हणाल तर खिडकी म्हणजे भट्टीच्या भिंतीतलं भोक. आपण ज्या बाजूचा फोटो काढतो तीच बाजू खिडकीतून उष्णता बाहेर टाकून सगळ्यात गार असते. कंट्रोलर १४०० दाखवतो म्हणून बारचा तो चेहरा १४०० ला असेलच असं नाही. बारच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकेक थर्मोकपल ठेवा, या तापमानाला टाइप बी किंवा एस. दोन्हींतला फरक जास्त असेल तर खिडकी लहान करा. सुंदर दृश्यापेक्षा सारखं तापमान महत्त्वाचं, कारण क्रीपचा वेग तापमानासोबत घातांकी वाढतो आणि थोडक्या अंशांची चूकही त्यात ठळक उमटते.

भेगांविषयी तुम्ही विचारलं नाही, पण पुढे विचारालच. बेंडिंगमध्ये ठिसूळ वीट एका फ्रेममध्ये अखंड असते आणि पुढच्यात दोन तुकडे. भेगेचा प्रवास बघायचा असेल तर वेज-स्प्लिटिंग चाचणी घ्या. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात त्शेग यांनी ती पुढे आणली. खाचेत पाचर घालून ठोकळा हळूहळू फाडायचा. तुटणारं क्षेत्रफळ मोठं असतं आणि भेग ताब्यात राहते. डोळ्याला न दिसणारी भेग इथे विस्थापनाच्या नकाशात उडी म्हणून दिसते. ०.२ पिक्सेलची उडी, म्हणजे अडीच मायक्रॉनचं उघडणं, चांगल्या फोटोत ओळखता येतं, कारण ती तीव्र आणि एका रेषेत असते, झळांसारखी पसरट नसते. म्हणूनच भट्टीत भेग मोजणं हे मॉड्युलस मोजण्यापेक्षा सोपं निघतं. भेगेवरून जाणारे सबसेट मात्र खोटं बोलतात. तिथला ‘स्ट्रेन’ हा स्ट्रेन नसून उघडणं भागिले सबसेटची लांबी असतो. त्या पट्ट्यात स्ट्रेन छापू नका, उघडणं छापा. भेगेचं टोक शोधायला कोरिलेशनचा उरलेला फरक, म्हणजे रेसिड्युअल नकाशा, बघा. पॅरिसजवळच्या काशाँमध्ये हिल्ड आणि रू यांच्या गटाने फायनाइट एलिमेंट जाळीवरच कोरिलेशन करण्याची जी पद्धत विकसित केली, ती अशा कामाला फार उपयोगी आहे.

पृष्ठभागावर जे दिसतं तेच आत घडतंय का, ही शंका रास्तच. त्याचं उत्तर क्ष-किरणांनी मिळतं. बर्कलेच्या ॲडव्हान्स्ड लाइट सोर्सवर रिची यांच्या गटाने सिरॅमिक कॉम्पोझिटमधल्या भेगा १६०० अंशांच्या वर, लोडखाली असताना त्रिमितीत पाहिल्या. ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण तिथले नमुने अगदी बारीक असतात. विटेचा दाणाच तीन मिलिमीटरचा असेल तर तेवढ्या नमुन्यात वीट मावत नाही. तुमच्यासाठी पुढच्या आणि मागच्या बाजूच्या भेगेची लांबी चाचणीनंतर ताडून पाहणं पुरेसं आहे.

सॉफ्टवेअरचं शेवटी. मोफत मिळणारं एनकॉर या कामाला चालतं. महागड्या पॅकेजमध्ये सोय आणि वेग जास्त असतो, पण झळा त्यालाही झळाच दिसतात. मॅच करायचा निकष शून्य-मध्य आणि नॉर्मलाइज्ड असू द्या, म्हणजे प्रकाश कमीजास्त झालेला खपतो. लॅबकडे पैसे असतील तर पहिल्यांदा झटके देता येणारा निळा एलईडी आणि चांगला बँडपास फिल्टर घ्या, मग एअर नाइफ, मग लांब फोकल लेन्थची लेन्स. एक्स्टेन्सोमीटर घसरतो म्हणून काढून टाकला असेल, तर निदान एलव्हीडीटी तरी मधल्या बिंदूवर परत लावा. मॉडेलमधून निघालेलं कर्व्हेचर आणि एलव्हीडीटीचं झुकणं क्रीपच्या पहिल्या तासात जुळायला हवं. पुढे दोघांत जी तफावत वाढत जाईल, तिच्यात रोलरखाली दबत जाणाऱ्या विटेचा वाटा किती, हे एका जादा बारवर रोलरच्या अगदी शेजारी कॅमेरा रोखून मोजता येईल.